मेकॅनिकलचा फर्स्ट क्लास आणि विश्वकिरण

(डॉ. होमी जहांगीर भाभा : १९०९ ते १९६६)

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये कोणालाही विचारा की बाबा रे, तू इंजिनिअरिंगला कसा काय आलास? दहापैकी सहा-सात जणांचं उत्तर एकच येईल. घरच्यांनी ठरवलं होतं. मग पहिल्या सेमिस्टरला ड्रॉईंगची शीट समोर आली की आठवतं, आपली आवड तर वेगळीच होती. काही जण चार वर्षं कुढत काढतात, काही मध्येच सोडून जातात आणि बरेचसे हळूहळू रुळतात. पण आणखीही एक रस्ता आहे. मुंबईच्या एका मुलाने तो १९२७ च्या सुमारास शोधला. तोही वडिलांच्या सांगण्यावरून मेकॅनिकलला गेला होता. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा.

भाभा म्हटले की आपल्याला तुर्भे, अणुभट्ट्या आणि पाठ्यपुस्तकातला तो सूट घातलेला फोटो आठवतो. पण त्याआधी ते जगातल्या पहिल्या फळीतले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट आपल्यालाच फारशी माहीत नसते. या लेखात त्यांच्या दोन्ही आयुष्यांविषयी थोडेसे लिहीत आहे.

घर आणि शाळा

होमीचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित, सधन पारशी कुटुंबात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर ऑक्सफर्डला शिकून आलेले बॅरिस्टर, तर आई मेहेरबाई पेटिट घराण्याच्या नात्यातली. लहानपणी हे पोर फार कमी झोपायचे. आई-वडिलांना काळजी वाटली, परदेशात डॉक्टरांना दाखवले. मुलाची तब्येत ठणठणीत आहे, फक्त त्याचा मेंदू सतत काही ना काही करत असतो, असे त्यांचे निदान होते.

घरात आजोबांनी आणि वडिलांनी जमवलेली पुस्तके होती, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड होत्या, मेकॅनोचे सेट होते. होमी चित्रकलाही रीतसर शिकला. कॅथीड्रल शाळेतून तो एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेला. सोळाव्या वर्षाच्या आतबाहेर त्याने आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत वाचायला घेतला होता. आपण त्या वयात सीईटीच्या क्लासच्या नोट्स वाचत होतो, असो!

त्याची आत्या सर दोराबजी टाटांच्या घरी दिली होती. त्या घरी गप्पांचे विषयसुद्धा मोठे असायचे. जमशेदपूरचे पोलाद, खोपोलीला पाण्यावर तयार होणारी वीज, नवे कारखाने. मोठी संस्था कशी उभी राहते, तिला पैसा, माणसे आणि जागा कुठून आणायची, हे होमीच्या कानावर लहानपणापासून पडत गेले. त्याचा उपयोग पुढे वीस वर्षांनी होणार होता.

वडिलांची अट

वडिलांच्या आणि दोराबजींच्या मनात बेत पक्का होता. होमीने केंब्रिजला जाऊन मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचे. १९२७ साली तो केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीझ कॉलेजात दाखल झाला.

आता तो काळ पाहा. क्वांटम सिद्धांत नुकताच जन्माला आला होता. पॉल डिरॅक केंब्रिजमध्येच होते. इलेक्ट्रॉनचे त्यांचे प्रसिद्ध समीकरण १९२८ चे. त्याच गावात इंजिनिअरिंगचे प्रॅक्टिकल करत बसलेल्या मुलाला स्वस्थ कसे बसवेल? १९२८ साली त्याने वडिलांना पत्र लिहिले. धंदा किंवा नोकरी हा आपला पिंड नाही, भौतिकशास्त्र हीच आपली वाट आहे, इंजिनिअर म्हणून आपल्याला समाधान मिळणार नाही, असे त्यात स्पष्टपणे कळवले.

वडील चिडले नाहीत आणि विरघळलेही नाहीत. त्यांनी वकिली पद्धतीने मधला मार्ग काढला. आधी मेकॅनिकलची परीक्षा फर्स्ट क्लासमध्ये पास हो. तसे झाले तर आणखी दोन वर्षांचा खर्च मी करतो, मग गणित शिक.

होमीने १९३० साली मेकॅनिकलला फर्स्ट क्लास मिळवला. वडिलांनी शब्द पाळला. १९३२ साली गणितातही फर्स्ट क्लास आला आणि जमशेदपूरचा विषय संपला.

मला या प्रसंगाचे फार विशेष वाटते. नावडता विषय त्याने अर्धवट टाकला नाही, घरच्यांशी भांडून नाते तोडले नाही, आणि आपला हट्टही सोडला नाही. त्याच्या घरी पैसा होता हे खरे. आपल्यातल्या किती जणांचे वडील एज्युकेशन लोन फेडता फेडता आणखी दोन वर्षांचा खर्च करू शकतील? पण फर्स्ट क्लास काही पैशाने आला नव्हता.

विश्वकिरणांचा पाऊस

१९३२ हे वर्ष भौतिकशास्त्रात सोन्याचे ठरले. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत चॅडविकना न्यूट्रॉन सापडला, कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राने वेग दिलेल्या कणांच्या माऱ्याने लिथियमचा अणुगर्भ फोडला आणि तिकडे अमेरिकेत अँडरसनना पॉझिट्रॉन दिसला. भाभा नेमके त्याच वेळी त्याच वातावरणात संशोधनाला लागले. शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते झुरिकला पाउली आणि रोमला फर्मी यांच्याकडे काम करून आले. पहिला निबंध १९३३ साली जर्मन भाषेत छापून आला. १९३५ साली डॉक्टरेट मिळाली.

त्यांचा विषय होता विश्वकिरण, म्हणजेच कॉस्मिक रेज. बाह्य अवकाशातून प्रचंड ऊर्जेचे कण पृथ्वीच्या वातावरणावर अखंड आदळत असतात. त्यांच्यापासून निघालेले कण खाली आपल्यापर्यंत येतात. आंधळगाव हे माझे गाव भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यात आहे, कोशाच्या कापडासाठी ते ओळखले जाते. तिथे एखादा विणकर मागावर बसला असेल किंवा बांधीत कोणी धान लावत असेल, तरी या क्षणी त्याच्या तळहाताएवढ्या जागेतून दर सेकंदाला असा एखाददुसरा कण आरपार जातो आहे. त्याला काही जाणवत नाही, छप्परही त्याला अडवू शकत नाही. १९३० च्या दशकात प्रश्न हा होता की हे नेमके काय आहे.

भाभांची तीन कामे इथे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात तेव्हा काय होते, याचे गणित त्यांनी केले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांना नष्ट करून पुन्हा जन्मालाही येऊ शकतात, ही शक्यता त्यांनी हिशोबात धरली. हा निबंध १९३६ साली रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. या प्रक्रियेला आज जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणतात. जिनिव्हाजवळ सर्नच्या लेप या यंत्रात १९८९ ते २००० पर्यंत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरी घडवल्या जात. किती टकरी होत आहेत हे मोजायला तिथे भाभा स्कॅटरिंगच वापरत. म्हणजे मुंबईच्या माणसाचे सूत्र तिथे मोजपट्टी म्हणून लावले होते.

दुसरे काम १९३७ चे, वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबरचे. एकाच कणापासून एकदम शेकडो कणांची सर कशी येते, हे कोडे होते. त्यांनी दाखवले की वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणुगर्भाजवळून जाताना फोटॉन बाहेर टाकतो, त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते, ती दोघे पुन्हा फोटॉन टाकतात, त्यांच्या पुन्हा जोड्या. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. प्रत्येक पायरीला ऊर्जा वाटली जाते आणि ती फारच कमी झाली की सर ओसरते. हा कॅस्केड सिद्धांत. नवे कुठलेही गूढ न आणता, माहीत असलेल्या नियमांतूनच उत्तर निघाले.

पण काही कण असे होते की जे जाड शिशातूनही सरळ पार जात आणि त्यांची सर होत नसे. भाभांचा तर्क होता की हे इलेक्ट्रॉनपेक्षा जड असे वेगळेच कण असले पाहिजेत. यातूनच तिसरी गोष्ट निघाली. १९३८ साली त्यांनी दाखवून दिले की हे जड कण जर अल्पायुषी असतील, तर सापेक्षता सिद्धांतानुसार वेगात असताना त्यांचे आयुष्य आपल्या घड्याळाने लांबलेले दिसेल. आज आपण ज्याला म्युऑन म्हणतो त्याचे सरासरी आयुष्य फक्त २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्या वेळात तो जेमतेम ६६० मीटर जाईल. तो तयार होतो १०-१५ किलोमीटर उंचीवर. मग जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? कारण त्याचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. १९४१ साली रॉसी आणि हॉल यांच्या प्रयोगाने हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये टाइम डायलेशनचे उदाहरण म्हणून आपण हेच गणित सोडवतो आणि सात मार्क घेऊन पुढे जातो. त्यामागे आपला माणूस आहे हे कोणी सांगत नाही.

सुट्टी लांबली

१९३९ च्या उन्हाळ्यात भाभा सुट्टीसाठी मुंबईला आले. सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. वय तीस, युरोपात नाव झालेले, मित्र आणि सहकारी सगळे तिकडे. आणि आपण अडकलो इकडे.

बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांना जागा मिळाली. तिथे भौतिकशास्त्र विभागात सर सी. व्ही. रामन होते. तरुण विक्रम साराभाईही तिथेच विश्वकिरणांवर काम करत होते. टाटा ट्रस्टच्या मदतीने भाभांनी विश्वकिरण संशोधनाचा छोटा विभाग उभारला. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

सुरुवातीला त्यांच्या मनात युद्ध संपले की परत जायचे होते. पण बंगलोरच्या चार-पाच वर्षांत त्यांचे मत बदलले. इथे हुशार मुले आहेत, पण मूलभूत संशोधनाची तालीम देणारी जागा नाही, आणि ती उभी करणे हे आपलेच काम आहे, असे त्यांना वाटू लागले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. अशी संस्था आज सुरू झाली तर दोन-एक दशकांनी अणुशक्तीपासून वीज करण्याची वेळ येईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. तारीख पुन्हा बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता. देश पारतंत्र्यात होता.

ट्रस्टने होकार दिला. १९४५ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च बंगलोरला सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. बंगला नात्यातलाच. पुढे १९४९ साली ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी स्वतःची इमारत व्हायला १९६२ साल उजाडले.

इंजिनिअर परत आला

इथून पुढे केंब्रिजला घेतलेले मेकॅनिकलचे शिक्षण कामाला लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, अध्यक्ष भाभा. १९५४ साली स्वतंत्र अणुऊर्जा खाते झाले आणि ते त्याचे सचिव झाले. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता, त्यामुळे फायली अडत नसत.

तुर्भ्याला समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या जागेवर प्रयोगशाळा उभ्या राहू लागल्या. १९५५ साली ठरले की लहानशी अणुभट्टी आपणच बांधायची. इंधन ब्रिटनकडून आले, पण आराखडा, बांधकाम, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्या लोकांनी केली. पाण्याच्या खोल टाकीत बुडवलेली ही १ मेगावॅटची भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिचे नाव अप्सरा. सोव्हिएत युनियन सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी. वर्षभराच्या आसपास काम पूर्ण! आपल्याकडे होस्टेलची पाण्याची टाकी बांधायला लागतो त्याहून कमी वेळ. नंतर १९६० साली कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची सायरस आली.

भट्टीपेक्षाही माणसे घडवणे महत्त्वाचे, हे भाभांना माहीत होते. १९५७ साली तुर्भ्याला ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. विज्ञान आणि इंजिनिअरिंगचे ताजे पदवीधर निवडायचे, वर्षभर घासून पुसून तयार करायचे आणि कामाला लावायचे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९६३ साली मेकॅनिकल करून आलेले अनिल काकोडकर याच स्कूलचे विद्यार्थी. पुढे ध्रुव अणुभट्टीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि २००० ते २००९ या काळात ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. पोलाद कारखान्यात जाऊ न इच्छिणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलाने सुरू केलेल्या शाळेतून मेकॅनिकलचाच दुसरा मुलगा त्याच खुर्चीपर्यंत गेला.

देशात युरेनियम कमी आणि थोरियम भरपूर, हे ओळखून भाभांनी तीन टप्प्यांची योजना आखली. आधी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्या, त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवर दुसऱ्या प्रकारच्या भट्ट्या आणि शेवटी थोरियम. आपल्याच राज्यातले तारापूर हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. त्याची तयारी भाभांच्या हयातीत झाली, वीज मात्र १९६९ मध्ये, त्यांच्या माघारी आली.

या सगळ्यात टीआयएफआरकडे दुर्लक्ष झाले नाही. टिफ्रॅक हा संगणक तिथे बांधून १९६० साली चालू झाला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १९६५ साली वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद झाली. परदेशातल्या तरुण खगोलशास्त्रज्ञांचे पत्र येताच भाभांनी त्यांना तातडीने होकार कळवला. त्यातले गोविंद स्वरूप १९६३ साली परतले आणि पुढे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बीण उभी राहिली. १९६२ साली अवकाश संशोधनाची समितीही अणुऊर्जा खात्यातच जन्मली, विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली.

माणूस म्हणून

भाभांनी लग्न केले नाही. चित्रे काढणे, पाश्चात्त्य संगीत आणि झाडे हे त्यांचे आयुष्यभराचे छंद. टीआयएफआरच्या भिंतींसाठी त्यांनी हुसेन यांच्यासारख्या त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रे घेतली. बांधकामाच्या आड येणारे मोठे झाड तोडायचे नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, हा त्यांचा हुकूम असे.

पण ते देव नव्हते. शिस्तीचे, आग्रही आणि आपलेच खरे करणारे होते. थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांना त्यांनीच संस्थेत बोलावले होते. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. दोघांचे पुढे पटेनासे झाले आणि १९६२ साली कोसंबींचा करार वाढवला गेला नाही. अंदाजही चुकले. १९५५ साली जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या जागतिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी पुढच्या वीस वर्षांत संलयनाची ऊर्जा ताब्यात येईल असे भाकीत केले होते. ती अजून आलेली नाही. थोरियमचा टप्पाही अजून गाठायचा आहे.

आणि सर्वांत मोठी किंमत त्यांनी स्वतः मोजली. ज्या भौतिकशास्त्रासाठी त्यांनी वडिलांना पत्र लिहिले, ते स्वतः करायला त्यांना १९५० नंतर फारसा वेळ उरला नाही. तिशीतच ज्याच्या नावाची प्रक्रिया पुस्तकात गेली, त्याने पुढची पंधरा वर्षे मीटिंगा, बजेट आणि बांधकामे यांत घालवली. दुसऱ्यांना संशोधन करता यावे म्हणून आपले बाजूला ठेवणे सोपे नसते. आपण फारतर फेस्टच्या कमिटीसाठी एक सबमिशन चुकवतो, त्याचेसुद्धा दुःख वर्षभर पुरते.

शेवट

२४ जानेवारी १९६६. लालबहादूर शास्त्रींना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि त्याच दिवशी इंदिरा गांधी पंतप्रधानपदाची शपथ घेणार होत्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. जिनिव्हाला उतरण्यापूर्वी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळले. विमानातले सर्व ११७ जण गेले. आपण शिखराच्या पलीकडे आहोत की अलीकडे, याबद्दल वैमानिकाचा गैरसमज झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. घातपाताच्या वावड्या आजही उठतात, पण पुरावा कोणी दिलेला नाही. २०१२ साली तिथल्या बर्फातून त्या विमानातली भारत सरकारच्या टपालाची पिशवी बाहेर आली.

भाभा तेव्हा अवघे छप्पन्न वर्षांचे होते. १९६७ च्या जानेवारीत तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याची संस्था बसते, असे आपण पुष्कळ पाहतो. इथे तसे झाले नाही. टीआयएफआर मेनन यांनी चालवली, अणुऊर्जा साराभाईंनी आणि नंतर सेठना, रामण्णा, अय्यंगार यांनी. माणसे आधीच तयार होती. भाभांच्या कामाची ही खरी परीक्षा होती आणि ते तिच्यात पास झाले.

तेव्हा मित्रांनो, ब्रँच मनाजोगी मिळाली नाही म्हणून रात्री टेरेसवर बसून नशिबाला दोष देणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. हातात आहे ते नीट पूर्ण करा, आणि मग घरच्यांशी पुढचे बोला. मार्कलिस्ट हातात असली की वडीलही ऐकून घेतात. भाभांच्या वडिलांनी ऐकले होते. आणि फायनल इयरच्या मित्रांसाठी एक सूचना. तुर्भ्याचे ते ट्रेनिंग स्कूल अजून चालू आहे आणि आपल्या सर्व मुख्य ब्रँचना तिथे अर्ज करता येतो. जाहिरात आली की नोटीस बोर्डाकडे जरा बघत जा, मेसचा मेनू वाचून परत फिरू नका.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
मु. पो. आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा